सणाच्या चुन्यावर लाल दगड

पुढच्या भिंतीवरचे लाल दगड धाडकन खाली आले. धूळ बसली तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीची खुर्ची दिसली, दगडांखाली चेपलेली. रोज दुपारी ती तिथंच बसून तांदूळ निवडायची. तिचा नवरा, म्हणजे माझा मेहुणा, शिडीवरून उतरला की पडला, मला सांगता यायचं नाही. नुसत्या हातांनी तो दगड उपसायला लागला. मी दारात, हातात चहा.

घराला नटवायच्या नादात त्याच्याइतका येडा माणूस इस्रायलमधल्या आमच्या किर्यात गातमध्ये दुसरा झाला नाही. दर पेसाखच्या सणाआधी, कोकणातल्या रीतीनं, विटांच्या त्या जुन्या घराला बाहेरून चुना काढायचा. चुन्यात एका वर्षी नीळ, दुसऱ्या वर्षी पिवडी. कारखान्यातून रिटायर झाला आणि गावच्या चिऱ्यासारख्या लाल दगडी फरशा डोक्यात शिरल्या. एक तुकडा खिशात घेऊन फिरायचा आणि दिसेल त्या भिंतीला लावून बघायचा. कुपात होलीमच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं कुठं दुखतं विचारलं, तर यानं तुकडा काढून तिथल्या भिंतीला धरला. "डॉक्टर, शोभतो की नाही?" त्याची मुलगी ओरडायची, "अबा, दाय," म्हणजे बाबा, पुरे. सगळी हिब्रू शिकला, तेवढा 'दाय' त्याला कधी कळला नाही.

बहिणीला घर पांढरं हवं होतं. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "निदान आधी जुना चुना तरी खरवडा. त्याच्यावर दगड धरायचा नाही."

"सणाचा चुना हाय. सण कोण खरवडतो?"

"मग त्या भिंतीखाली मी बसायची नाही."

"नको बसू. भिंत काय रडणार नाही."

असल्या धमक्या ती रोज द्यायची, कोण मनावर घेतो?

आता तो दगड फेकत तिला नावानं हाका मारत होता. आमच्यात बायकोला नावानं हाक मारत नाहीत. त्यानंही लग्नापासून कधी मारली नव्हती.

"कोणाला बोलावता?" शेजारच्या मोरोक्कन बाईच्या गच्चीवरून बहिणीचा आवाज आला. रागानं सूप उचलून ती तिकडं जाऊन बसली होती. "मी इकडं आहे."

तो वर बघत त्या दगडांवरच बसला. "हाय ना? मग पांढराच रंग देतो."

"आधी हात धुवा. रगत येतंय."

चुना आम्ही सगळ्यांनी मिळून खरवडला, घर पांढरं झालं, आणि एलियाहू हनाबी पैगंबराला आभाराचा मलिदा केला. मेहुणा पुढं म्हातारपणानं गेला, आपल्याच खाटेवर. त्या दुपारी मात्र आम्ही तिघंही वाचलो.