दाराआडचा नमुना

अयूबचाचा रंगारी गावात शिरले की ते कोणाला सांगावं लागत नसे. सायकलच्या कॅरिअरला बांधलेली बादली खडखडत यायची आणि तिच्यामागं आम्ही पोरं. मूल या तालुक्याच्या गावाहून आमचं गाव सहा किलोमीटर. धान कापणीला यायच्या आत, दिवाळीच्या पंधरा दिवस अगोदर चाचा यायचे आणि गावातलं पहिलं घर आमचं रंगायचं. हा मान आम्हालाच का, ते मी कधी विचारलं नाही. माझे वडील मुखरू आणि चाचा सातवीत एकत्र नापास झाले होते, एवढंच नातं मला ठाऊक आहे. ते पुरेसं असावं.

ड्रममध्ये चुन्याचे खडे टाकून चाचा पाणी ओतायचे. चुना रटरटा उकळायचा, वाफ निघायची, आणि आई ओरडायची, "दूर व्हा रे पोट्टेहो, डोये जातीन!" त्या ओल्या चुन्याचा वास आला की आमची दिवाळी लागायची. फटाक्यांचं काही नव्हतं, ते आले तर आले.

खरी कसोटी निळीची. चुन्यात चिमूटभर नीळ पडल्याशिवाय पांढरा खुलत नाही. कमी पडली तर भिंत पिवळट, जास्त पडली तर सगळं घर निळं. चाचा अंगठ्याच्या नखावर एक थेंब घ्यायचे, फुंकर मारून वाळवायचे आणि नख उन्हात धरायचे. मग दाराच्या आडोशाला तळहाताएवढा नमुना लावायचे. "मुखरू, तीन दिवस पाहा. सकाळी पाहा, दुपारी पाहा, दिव्यात पाहा. मंग सांग." बाबा इमानदारीनं तीन दिवस पाहायचे आणि दरवर्षी तेच सांगायचे, "बरा आहे." आमच्या घराला दुसरा रंग कधी लागलाच नाही, तरी हा सोहळा चुकला नाही. मी आज ते दार आठवतो तेव्हा मला बाबाच दिसतात, कमरेवर हात ठेवून आडोशात डोकावणारे.

बाबा गेले. मी नोकरीला चंद्रपूरला गेलो. चाचा येत राहिले. पण गेल्या चार वर्षांत घरी आलो की आमच्याच काय, सगळ्या गावाच्या भिंती निळसर दिसायच्या, आणि दरवर्षी थोड्या जास्तच. मी आईवर चिडलो. "आई, चाचाले सांगत काऊन नाई?"

"राहू दे. भाऊनं केलं ते चांगलंच हाये," एवढं म्हणून आई चुलीकडे वळली.

माझा स्वभाव तापट. यंदा मी ठरवून टाकलं की चुना बंद, डब्याचा रंग लावायचा. फोनमध्ये एक ॲप घेतलं. कॅमेरा भिंतीवर धरायचा, रंगावर बोट ठेवायचं, की पडद्यावर भिंत रंगून तयार. मी अर्धी भिंत आहे तशी ठेवली आणि अर्ध्या भिंतीवर पांढराशुभ्र रंग चढवला. फरक असा, की शेजारचं लेकरूही सांगेल.

चाचा आले ते मुलीच्या स्कूटीवर. शाजिया मूलला रंगाच्या दुकानात कामाला आहे, मशीनवर डबे तयार करते. मी फोन चाचांच्या हातात दिला. खरं सांगतो, मनात थोडी खुन्नस होतीच.

"पाहा चाचा. एका बाजूले तुमची भिंत, दुसऱ्या बाजूले नवा रंग."

चाचांनी फोन जवळ धरला, लांब धरला, उन्हात नेला. मग हसले. "निकेश, गंमत करून राह्यला काय बापू? आपलाच तर पांढरा हाये. नवा असा पिवळट काऊन घेतला?"

आईनं पदर तोंडाला लावला. शाजियानं फोन हळूच काढून घेतला आणि म्हणाली, "अब्बा, उद्या डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ."

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी सांगितलं, अशा डोळ्यांना सगळं पिवळट दिसतं. चाचांना आपला चुना पिवळा दिसायचा, म्हणून ते बिचारे चिमटीवर चिमटी नीळ घालत होते. मला माझ्याच फोनची लाज वाटली. रंग दाखवायला घेतला आणि माणूस उघडा पाडला.

दिवाळी निळ्या भिंतींतच गेली. महिन्याभरानं, ऑपरेशन झाल्यावर, चाचा काळा चष्मा लावून आले. ओसरीत चष्मा काढला आणि भिंतीसमोर उभे राहिले.

"सुगंधाबाई, चार वर्स झाले ना असं?"

"हो भाऊ."

"अन् गावात कोणीच बोललं नाई?"

आई म्हणाली, "तुमी नखावर थेंब घेऊन इतक्या आवडीनं पाहत होते. कसं बोलावं भाऊ?"

चाचा खाली बसले आणि रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. डोळे पुसायला हात गेला तर शाजिया ओरडली, "अब्बा, हात नका लावू!" तेव्हा कुठे ते हसले.

डब्याच्या रंगाचं नाव मी पुन्हा काढलं नाही. आठवड्यानं चुना उकळला, चाचांनी नख उन्हात धरलं आणि घर पांढरं झालं, अगदी बाबांच्या वेळचं. शेवटी दार लोटलं तर आडोशात तळहाताएवढा निळा तुकडा तसाच सोडलेला.

"चाचा, इथी राहून गेलं."

"राह्यलं नाई, ठेवलं," ते ब्रश धुता धुता म्हणाले. "चार वर्स लोकाईनं मले किती सांभाळलं, त्याचा नमुना हाये तो."