सरकती खोली

समोरच्या घरातले गृहस्थ कुठेही गेले की आधी बोटाच्या पेराने ठोकून बघत. दार, फ्रीज, कलिंगड, आमच्या पत्रपेटीचा खांब, काहीही. टक टक. मग मान वाकडी करून ऐकत. "घट्ट आहे," म्हणत, नाहीतर "आत पोकळ आहे." माझ्या सुनेने हौसेने घेतलेलं जेवणाचं टेबल ठोकून ते "पोकळ" म्हणाले, तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जसं काही मीच ठोकलं होतं.

दुसरी सवय न बसण्याची. "बसा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नको मावशी, निघायचंच आहे." आणि मग दारात तासभर उभे. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. जात नाही, बसत नाही, आणि आपल्यालाही बसू देत नाही. चहा मी त्यांना कायम उभ्यानेच दिला. रिकामा कप हातात कधी परत द्यायचे नाहीत, जिथे संपेल तिथे ठेवून जायचे. आमचे निम्मे कप पत्रपेटीखालच्या फळीवर आणि त्यांच्या गॅरेजात असत.

मी चौथीपर्यंत शिकले. नवरा गेल्यावर मुलाकडे अमेरिकेत आले, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी. इथे आपली बरीच माणसं गाड्यांच्या कंपन्यांत इंजिनियर आहेत. हे गृहस्थही इंजिनियर, पण जुने, मूळचे चिपळूणचे. गाडीतली सीट पुढेमागे सरकते ना, तिच्याखालच्या पट्ट्या बनवायच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. "मावशी, मी जन्मभर लोकांच्या सीटा सरकवल्या," असं अभिमानाने सांगत. स्वतः मात्र स्टिअरिंगमागे टेकतील तेवढंच, आणि त्याला मी बसणं म्हणत नाही.

निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनं मोटरहोम आणून दारात उभं केलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. बसएवढी गाडी, आत चूल, पलंग, संडास, सगळं. आणि तिच्या एका बाजूची भिंत पलंगासकट बाहेर सरकते. बटण दाबलं की खोली मोठी होते. निघताना ती पुन्हा आत घ्यायची, कारण बाहेर असेपर्यंत गाडी हलवता येत नाही.

त्या सरकत्या खोलीखालची लोखंडी चौकट गंजली होती. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, ते लोखंड खातं. यांनी ठोकलं तर टक आवाजच आला नाही, खपली पडली. दुसरा कोणी असता तर गाडी परत देऊन आला असता. हे खूश झाले. "ही तर मोठी सीट आहे, मावशी! पट्ट्या बदलल्या की निघालो."

निघायचं होतं ते बायकोसाठी. ती सांगलीची, गप्प बसणारी नव्हे. मला म्हणाली, "इतकी वर्षं या देशात राहून पलीकडच्या टोकाचा समुद्र मी बघितला नाही. दर वेळी नंतर जाऊ, नंतर जाऊ. लग्नानंतर यांनी मला मिशिगनचं तळं नेऊन दाखवलं आणि म्हणाले, हाच समुद्र समज."

"विमानाने जा की," मी म्हटलं.

"विमानात पाच तास बसावं लागतं, मावशी. यांना बसता येतं का?"

तिने पंचांगात मुहूर्त पाहिला. चांगला मुहूर्त त्याच आठवड्यात होता आणि चौकट तर कापायचीच होती. म्हणून तिने माझ्या घरी प्रस्थान ठेवलं. नव्या मुलांना हे माहीत नसतं. मुहूर्तावर निघणं जमत नसेल तर प्रवासाच्या सामानातलं थोडं काही शेजारच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरायचं. मग दोन-चार दिवसांत त्या घरून ते उचलायचं आणि परस्पर पुढे जायचं. तिने एक कापडी पिशवी आणली. तिच्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड, तिची एक साडी आणि त्यांचा एक शर्ट. मी ती माझ्या कपाटात ठेवली.

दोन-चार दिवस कसले, आख्खा उन्हाळा गेला. रोज सकाळी समोर लोखंड कापायचा आवाज. खोली जॅक आणि लाकडी ठोकळ्यांवर उचललेली आणि हे खाली पाठीवर आडवे. बसत नसत, पण आडवे होत. मधेच उठून आमच्याकडे यायचे, टक टक करायचे, चहा घेऊन परत जायचे. बायको जाता-येता म्हणायची, "आमचं सामान निघालंय. माणसं राहिलीत."

यांनी नवं लोखंड आणलं ते जुन्याच्या दुप्पट जाड. मला बोलावून दाखवलं. "बघा मावशी, पूर आला तरी हलणार नाही."

बायको मागे उभी होती. "अहो, खोली हलण्यासाठीच आहे ना?"

हे ऐकतील तर ना. जन्मभर कंपनीने सांगितलं, पट्टी हलकी करा, स्वस्त करा. आता सांगणारं कोणी नव्हतं. सगळा राग त्या लोखंडात ओतला होता.

लक्ष्मीपूजनाला त्यांनी चार घरं जेवायला बोलावली. पूजा झाल्यावर सगळ्यांना बाहेर नेऊन बटण दाबलं. खोली बाहेर आली, जरा कण्हत आली, पण आली. टाळ्या पडल्या. मग आत घ्यायला बटण दाबलं. मोटर रडली, जळका वास आला आणि खोली तिथेच. दुसऱ्या दिवशी बर्फ पडणार होतं. आता काय करता? मोटर सोडवली आणि रेशमी कुडते घातलेले सगळे इंजिनियर त्या भिंतीला खांदा लावून उभे राहिले. पुण्याचा एक जण ओरडत होता, "यार, सगळे एकदम! एकटा मीच ढकलतोय!" एका पोराने बापाला विचारलं, "डॅड, इज धिस पार्ट ऑफ द पूजा?" बाप म्हणाला, "येस, पुश!" मी शेवया खात पायरीवर बसून बघत होते. इतकं हसले की ठसका लागला. खोली आत गेली. हे मात्र हसले नाहीत. भिंतीवरून बोट ठोकत ठोकत गाडीभोवती फिरत राहिले.

दसऱ्याला वेल्डिंग चालू होतं म्हणून गाडी धुवायची राहिली होती. ती आता धुतली, खालून-वरून पाइपने. झेंडू मिळाला नाही म्हणून दुकानातली पिवळी फुलं वाहिली. आणि ओल्या अंगानेच गाडी निळ्या ताडपत्रीत गुंडाळली. कोकणात पावसाच्या आधी पडवी झाकतात तशी, दोऱ्या आवळून, जमिनीपर्यंत, वारा शिरायला जागा नाही. हिवाळाभर समोर ते निळं गाठोडं होतं. माझ्या कपाटात दुसरं. तांदळाला किडे लागले, तेव्हा मी ते टाकून नवे भरले. कोणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही नव्हतं.

बर्फ गेल्यावर ताडपत्री सोडली तर आतून पाणी ठिबकत होतं. नव्या जाड लोखंडावर तांबडी बुरशी धरावी तसा गंज, आणि वेल्डिंगच्या सांध्यांमध्ये तर बोट आत जाईल. मी रस्ता ओलांडून गेले. हे जमिनीवर वाकून बघत होते. ठोकलंसुद्धा नाही.

"मावशी, आमच्या चिपळूणला पाणी बाहेरून येतं," ते म्हणाले. "इथे मीच ते आत कोंडलं." मग उठून, "हरकत नाही. पुन्हा कापतो. एवढं झालं की निघालो."

त्याच दुपारी बायको माझ्याकडे आली. ही बसली, नीट खुर्चीत. "मावशी, ती पिशवी द्या. माझी साडी काढून घेते."

"का?"

"बहिणीचा सांगलीत वरचा मजला रिकामा आहे. हा उन्हाळा संपला की मी जातेय. परतीचं तिकीट काढणार नाही. यांना म्हणावं, बसा ठोकत."

ती रडत वगैरे नव्हती. म्हणून मला कळलं की खरंच जाणार. रडणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत, त्या कुठे जात नाहीत.

"प्रस्थानातलं अर्धं काढत नाहीत," मी म्हटलं. "दोघांनी ठेवलं, दोघांनी येऊन उचलायचं."

असा नियम आहे की नाही मला माहीत नाही. मी तो तिथेच केला. ती साडी न घेताच उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आले. दार ठोकलं, चौकट ठोकली. मी चहा दिला आणि म्हटलं, "तुम्हाला निघायचं नाहीच. तुम्हाला दुरुस्त करत राहायचंय. बायको मात्र निघाली."

"कुठे?"

"सांगलीला. उन्हाळा संपला की. कायमची."

"काल काही बोलली नाही."

"वर्षभर बोलतेय. तुमचं मशीन चालू असतं."

ते उभेच होते, पण असं उभं राहिलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. पाय हलत नव्हते. हातातला चहा गार झाला. मग म्हणाले, "मावशी, खरं सांगू? मला भीती वाटते. रस्त्यात कुठेतरी खोली अडकली, आणि ही म्हणाली, बघा, मी सांगत होते..."

"म्हणेलच," मी म्हटलं. "म्हणू दे. सांगलीहून तेही ऐकू येणार नाही."

त्यांनी कप माझ्या हातात दिला. हातात. आणि गेले.

त्या उन्हाळ्यात पुन्हा सगळं कापलं. या वेळी लोखंड पातळ आणलं, आणि ते दुकानात जाऊन निवडलं बायकोने. ती खुर्ची टाकून गाडीशेजारी बसायची, एका हातात बॅटरी धरून. तिच्याच बोटाखाली बटण. रस्त्यापलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"अजून एक हात रंग देतो."

"पुरे."

"या कोपऱ्यात जरा पोकळ वाटतंय."

"मलाही तीस वर्षं वाटतंय. उजेड इकडे पाडू की तिकडे?"

त्या दोघांना इतकं बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं. गोड काही नव्हतं त्यात. पण बोलणं होतं.

एक दिवस खोली बाहेर आली आणि आत गेली. कपाटाचा खण सरकावा इतक्याच आवाजात. हे म्हणाले, "पुन्हा एकदा बघू." बायको म्हणाली, "नाही. जाताना बघू."

निघायच्या सकाळी सामान भरून झालं आणि हे पुन्हा गाडीखाली. टक टक चाललेलं. बायकोने वाट पाहिली, मग स्वतः चढून स्टिअरिंगमागे बसली आणि इंजिन चालू केलं. "अहो, गाडी हलतेय. वर यायचं की खाली राहायचं ते ठरवा."

हे खालून असे निघाले, गुडघ्यावर, हातावर, शर्ट सगळा काळा. गाडी रस्ता ओलांडून आमच्या दारात येऊन थांबली. मी पिशवी काढून ठेवली होती. दोघं आत आले. सवयीने माझ्या तोंडातून निघालं, "बसा."

"नको मावशी, निघायचंच आहे."

या वेळी ते खरं होतं. दोघांनी पिशवीचा एकेक बंद धरून ती उचलली. माझ्या नियमाची मला जरा लाज वाटली, पण दिसायला बरं दिसलं. त्यांनी पिशवीतला शर्ट काढला, आमच्या न्हाणीघरात जाऊन अंगातला काळा शर्ट बदलला आणि गाडीत चढले. बायको चालवत होती. हे तिच्या बाजूच्या सीटवर. पिशवी मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात, पट्टा लावलेला. ठोकायला काही नव्हतं, उठायला जागा नव्हती. गाडी वळेपर्यंत मी काचेतून बघत होते. बसले होते. मी ते प्रथमच पाहिलं.

समुद्रावरून बायकोचा फोन आला. तिने फोन लाटांसमोर धरला. मला भांडी घासल्यासारखा आवाज आला, पण मी छान म्हटलं. मागून हे म्हणत होते, "चला, आता निघायचंच आहे." ती म्हणाली, "ऐकलंत ना? इथेही तेच. खोली एकदा अडकली होती, मावशी. वाळवंटात."

"मग तू म्हणालीस का, मी सांगत होते?"

"म्हटलं ना. दोन दिवस म्हणत होते."

त्यानंतर ते परत आले नाहीत. त्यांची लेक टेक्सासात शुगर लँडला असते, हिवाळा तिच्या दारात गाडी लावून काढतात, उन्हाळ्यात फिरतात. घर परस्पर विकलं. आता फोन कमी येतात. मला त्यांची आठवण वगैरे येत नाही. सकाळी आवाज नाही एवढंच, आणि आवाज नसला की मी उगीच या खिडकीतून त्या खिडकीत जाते.

समोर आता नागपूरचं एक तरुण जोडपं राहतं. त्यांच्या दारातल्या सिमेंटवर गंजाचे दोन लांब पट्टे आहेत, ते धुऊन जात नाहीत. गॅरेज आवरताना त्यांना आमचा एक कप सापडला, तो आणून दिला. तळाशी लाल रंग वाळलेला. सून म्हणाली, "आई, टाकून द्या." मी घासून पाहिला, रंग निघाला नाही. मग पत्रपेटीखालच्या फळीवर नेऊन ठेवला. आज सकाळी पाहिलं तर बर्फाने काठोकाठ भरलाय.