मागच्या ओळीचा प्याला

तापट स्वभाव मला वडिलांकडून, आबांकडून आला, आणि पहिल्यांदा तो भोवला त्यांनाच.

चाळीस-बेचाळीस सालची गोष्ट. तासगावजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती मंडळीचं पत्र्याचं देऊळ होतं. महिन्यातून एकदा मिरजेहून पाळक सायकलवरून येत आणि प्रभुभोजन होई: भाकरीचा तुकडा आणि भिजवलेल्या मनुका कुस्करून केलेला रस. प्याला एकच, पण तो आधी आम्हा महारवाड्यातून आलेल्यांत फिरे. मांगवाड्यातून आलेले मागं बसत. त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर तळाला चोथा उरे. जात सोडली असं आम्ही जगाला सांगत होतो, आणि पंगत तीच ठेवली होती. आबा मंडळीचे पंच. प्याला त्यांच्याच हातून निघे.

मागं बसणाऱ्यांत गावची सुईण होती. माझा जन्म तिच्याच हातचा. एका प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तिनं मला पाणंदीत गाठलं.

"पुढल्या महिन्यापासनं म्या येणार न्हाई," ती म्हणाली. "तुमची पोरं काढाय माजं हात चालत्यात, प्याल्याला व्हट चालत न्हाईत."

मला लाज वाटली आणि आबांचा रागही आला.

रविवारी निरोप आला, पाळकांची सायकल वाटेत पंक्चर झालीय. लोक उठून जाऊ नयेत म्हणून आबांनीच मला धडा सांगायला उभं केलं. मुलगी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी पास झालेली. त्यांना मिरवायचं होतं.

मी पहिल्या मंडळीची गोष्ट घेतली. त्यांना ना देऊळ होतं, ना राजाचा आधार. कोळी, तंबू शिवणारे, गुलाम, विधवा एकमेकांच्या घरी जेवत गेले आणि त्या जेवणांतून धर्म गावोगाव पोचला. आबा मान डोलवत होते. मग अंत्युखिया शहरातलं सांगितलं. तिथं येशूचा शिष्य पेत्र परजातीच्या लोकांबरोबर जेवायचा, पण यरुशलेमची सोवळं पाळणारी माणसं आली तसा भिऊन बाजूला झाला, आणि सोबतच्या पौलानं त्याला चारचौघांत तोंडावर सुनावलं.

आबांची मान थांबली. "त्यातला पेत्र म्या व्हय गं?"

मी म्हणाले, "व्हय, आबा."

तेवढ्यात पाळक घामाघूम होऊन आले. प्रार्थना झाली, भाकरी मोडली. आबांनी प्याला घेतला आणि आमच्या ओळी ओलांडून थेट सुइणीपुढं धरला.

"आक्का, आधी तुमी."

ती प्याली. मग आबा तिथंच मांडी घालून बसले. प्याला सगळीकडं फिरून त्यांच्याकडं आला तेव्हा चोथाच उरला होता. तो त्यांनी बोटानं पुसून खाल्ला.

महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही माफी मागितली नाही. चूक माझी नव्हतीच. पुढच्या प्रभुभोजनाला सुईण आली, तेव्हा आबा तिच्या ओळीत आधीच येऊन बसले होते.