पान एकशे बारा

माझ्या मामाने कधी खाडाखोड केली नाही, असं आमच्या घरात कौतुकाने सांगायचे. हे ऐकतच मी मोठी झाले. आता कुणी तसं म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

मामा जन्मनोंदणी कचेरीत लेखनिक होता. तेहेतीस वर्षं एकाच टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून. अक्षर असं की कचेरीत सगळे त्याला 'छापखाना' म्हणायचे. माझ्या वहीत उतरल्याशिवाय शहरात कुणी जन्मत नाही, असं म्हणून तो स्वतःच खो-खो हसायचा. घरी किराण्याची यादीसुद्धा समास सोडून लिहायचा. मामी वैतागायची, "अहो, दुकानदाराला द्यायचीय ती. फ्रेम करून लावणारेय का तो?"

मामी पुलापलीकडची. पूल चालत जेमतेम दहा मिनिटांचा. त्यांचं लग्न झालं तेव्हा दोन्ही काठांवर एकच देश होता आणि पलीकडच्या गावांतली बाळंही मामाच्याच कचेरीत नोंदली जायची. मग सरकार पडलं, मोर्चे निघाले, कुठेतरी लांब कुणीतरी सह्या केल्या आणि एका हिवाळ्यात पलीकडे वेगळा देश झाला. शाळेत बाईंनी भिंतीवरच्या नकाशाच्या अर्ध्या भागावर पांढरा कागद चिकटवला. नवं राष्ट्रगीत पाठ करायला लावलं आणि जुनं विसरायला सांगितलं. विसरायचा गृहपाठ आम्हाला पहिल्यांदाच मिळाला होता. मामी मात्र भांडी घासताना जुनंच गुणगुणायची. मामा उठून गुपचूप खिडकी लावून यायचा.

आणि मग तो हुकूम आला. देश नवा, तर नोंदवह्याही नव्या. जुन्या सगळ्या नोंदी नव्या छापील वह्यांत उतरवायच्या. जुन्या वहीत 'जन्मगाव' असा रकाना होता, नव्या वहीत त्या जागी 'जन्माचा देश' आला. खाली बारीक अक्षरात सूचना होती: आजच्या नकाशाप्रमाणे भरावे.

दीड वर्ष मामा उतरवत होता. एकदा पान एकशे बारावर मामीच आली. शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखिका बाई म्हणाल्या, "छापखाना, इथे आपल्याच देशाचं नाव लिहून टाका. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," मामा म्हणाला. आणि त्याने शेजारच्या देशाचं नाव लिहिलं.

संध्याकाळी घरी येऊन त्याने मोठ्या मजेत सांगितलं, "अगं, आज तुला परदेशी करून आलो बरं का."

"मग आज चहा तुम्ही करा," मामी म्हणाली. "पाहुण्यांना कुणी कामाला लावतं का?"

त्याने खरंच चहा केला. आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. मीसुद्धा. ते हसू आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

सहा वर्षांनी सरकार पुन्हा बदललं. तोवर मामा निवृत्त झाला होता. नव्यांचं म्हणणं असं की देश कुणाचा हे एकदा ठरून जाऊ दे. म्हणून नवी ओळखपत्रं निघाली आणि वहीत ज्यांच्यापुढे दुसरा देश, त्यांनी त्या देशात जावं असा कायदा झाला. कायद्याआधी माणसं बदलली. वाटीभर साखर मागायला येणारी शेजारीण एक दिवस मामीला म्हणाली, "तुमच्याकडे असंच करतात वाटतं?" इकडे संसार करून एकोणतीस वर्षं झाली होती. त्या दिवसापासून मामीने ते गुणगुणणं बंद केलं. मामाला खिडकी लावायचं काम उरलं नाही.

मामीला नोटीस आली तशी मी आणि मामा कचेरीत गेलो. त्याच्या टेबलावर आता त्यानेच शिकवून तयार केलेला लेखनिक बसत होता. बिचारा वाईट नव्हता. उठून उभा राहिला, खुर्ची दिली आणि वही उघडून पान एकशे बारा समोर धरलं.

"काका, अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"मग मी काय करू, सांगा."

"जुन्या वहीत नुसतं गाव होतं," मामा म्हणाला. "ती काढ."

"जुन्या वह्या नष्ट झाल्या. नष्ट केल्याच्या कागदावर सहीसुद्धा तुमचीच आहे, काका."

वरच्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, लग्नाने नवरा मिळतो, देश मिळत नाही. मामाने अर्जांवर अर्ज केले, एकेक बघत राहावा असा. सगळे परत आले. मी भांडले, ओरडले, दारं आपटली. दारांना काय फरक पडणार! मामा म्हणाला, मी हिच्याबरोबर जातो. तर पलीकडचे म्हणाले, तुमच्या नोंदीत तुमचा देश तिकडचा आहे, तुम्ही तिकडेच राहा. मामीचं तिकडे कुणी उरलं नव्हतं. तिची सोय एका मोठ्या शेडमध्ये होणार होती, चाळीस खाटांत एक खाट.

जायच्या दिवशी सकाळी कचेरीच्या आवारात बस उभी होती. बसण्याआधी प्रत्येकाने एक फॉर्म भरून द्यायचा होता. मामीचा अर्थातच मामाने घेतला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. देशाच्या रकान्याशी थांबला. मग त्याने आपल्या देशाचं नाव लिहिलं.

लेखनिक हळू आवाजात म्हणाला, "काका, हे वहीशी जुळत नाही."

"वही चुकली," मामा म्हणाला. "मी चुकलो. लिही तसं."

"मग यांना पोलिसांच्या गाडीतून न्यावं लागेल, काका."

मामीने मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, लिहा ते म्हणतात तसं. त्या गाडीतून नका पाठवू मला."

मामाने त्या नावावर रेघ मारली. रेघ वाकडी गेली, शाई फरफटली. त्या गिचमिडीच्या वर त्याने कसंबसं दुसऱ्या देशाचं नाव लिहिलं. लेखनिकाने कागद पाहिला, मान खाली घातली आणि एक कोरा फॉर्म पुढे सरकवला.

"खाडाखोड चालत नाही, काका. तुम्हीच शिकवलंय."

मामाने पेन पुसलं आणि कोरा फॉर्म भरला. नाव, तारीख, देश. या वेळी एकही चूक नाही. मामीने तो हातात घेतला, चष्मा वर करून नीट वाचला.

"अक्षर अजून तसंच आहे हो," ती म्हणाली, आणि बसमध्ये चढली.