काकीने मेणबत्त्या विझवल्या नाहीत

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरच्यांचा समज असा की मला सगळं कळतं. गॅसचा रेग्युलेटर बसत नाही, बोलवा तिला. काकीचा खोकला थांबत नाही, विचारा तिला. मी शिकते प्राणिशास्त्र. बेडकाच्या फुप्फुसांचं एक रंगीत चित्र मला नीट काढता येतं, एवढाच माझा खोकल्याशी संबंध.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांचं एक पथक मसुऱ्याजवळच्या आमच्या गावी आलं. चुलीच्या धुरात आणि काजूच्या भट्टीवर वर्षं काढलेल्या बायकांना दम का लागतो, तो दमा असतो की दुसरं काही, आणि ते लवकर कसं ओळखायचं, असा त्यांचा अभ्यास होता. त्यांना मालवणी बोलणारं कुणीतरी हवं होतं. आमच्या सरांनी माझं नाव सुचवलं. मी हो म्हणाले नाही. पण नाहीही म्हणता आलं नाही, आणि माझ्या बाबतीत ते एकच.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आम्ही एकाच घरात राहतो. चवथीला, म्हणजे गणपतीत, फुगडी घालावी तर तिनेच, असं सगळी वाडी मानते. पण दोन चवथी ती खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला बसून होती. चार पावलं टाकली की छातीत शिटी वाजायची. सगळे म्हणायचे, वय झालं. यावर तिचं म्हणणं असं, "वय झाला तर खोकलो राती नि फाटफटीकच कित्या येता? दुपारचा वय खंय जाता?"



पथक श्वास मोजायचं मशीन घेऊन येणार कळल्यावर तिने मला एकटीला गाठलं. "गो बाये, ता मशीन सांगतला काय, मियां चवथीक फुगडी घालू शकतंय काय नाय ता?"

"सांगतला," मी म्हणाले. म्हणून गेले आणि मग घाबरले.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात मशीन मांडलं होतं. नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून तो सोडायचा, छाती रिकामी होईपर्यंत. लोकांना जोर यावा म्हणून लॅपटॉपवर मेणबत्त्या जळत होत्या. जितकी फुंकर जोराची, तितक्या जास्त विझणार. मशीन चालवणारा कोल्हापूरकडचा तरुण या मेणबत्त्यांवर फार खूश होता.

"सगळ्यो मेणबत्त्यो इझवा हां," मी सगळ्यांना सांगत होते.

पहिल्या बाईंनी बशीतला चहा निववावा तशी फुंकर घातली. दुसऱ्या बाई ऐनवेळी मान वळवून त्या तरुणाच्या कानावर फुंकल्या. मग काकी बसली. तिने श्वास असा भरला की सगळं सभागृह सावरून बसलं. आणि सोडला कसा, तर देवळात कुणाच्या कानात गुपित सांगावं तसा. एकही मेणबत्ती विझली नाही. पुन्हा. आणखी एकदा.

"आजी, जोर लावा, जोर!" तो तरुण ओरडला.

"आजी कोणाक म्हणतस रे? माजो झील तुज्यापेक्षा मोठो आसा!" यात मात्र भरपूर जोर होता. पण नळी तेव्हा तोंडात नव्हती.

त्यानंतर आमच्या शेजारणीने, काकीच्या ख्रिस्ती मैत्रिणीने, एका दमात सगळ्या मेणबत्त्या विझवल्या. तरुणाने टाळ्या वाजवल्या. "आमच्या घरात म्हयन्याक एक तरी वाढदिवस आसता," ती लाजत म्हणाली. काकीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने देव्हारा पाडला.

पथकातल्या डॉक्टर मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काकींचा प्रयत्न पुरेसा होत नाहीये. अशा फुंकरीवरून काहीच सांगता येणार नाही. उद्या दुपारपर्यंत आम्ही इथे आहोत, नंतर मिठबावला जायचंय."

काकी शेजारणीला न घेताच घरी निघाली.  ओढ्याजवळ आल्यावर तिने मला विचारलं, "मशीन काय म्हणाला?"

"काय नाय म्हणाला."

"मगे चवथ?"

मी छत्री नीट करत राहिले.

संध्याकाळी लाइट गेली. मी मेणबत्ती लावून ओट्यावर ठेवली. थोड्या वेळाने लाइट आली आणि मी सवयीने वाकून फुंकर घालणार, तोच पाठीत धपाटा बसला.

"शिरा पडली तुज्या शिक्षणार! दिवो तोंडान इझवतत? लक्षुमी जायत घरातली!" काकीने हाताने वारा घालून ज्योत शांत केली.

मी पाठ चोळायची विसरले. "काकी, सकाळी तू म्हणान फुंकलंस नाय?"

"मगे? इतक्यो जळतल्यो मेणबत्त्यो, त्योय परक्या माणसाच्यो. माज्या तोंडान त्येच्या घरचो उजेड घालवू?"

"गो, त्यो खऱ्यो नाय. चित्र आसा ता."

"मगे मशीन तरी खरा कशावरना?"



सकाळी मॅडमना हे सांगायचं होतं. वाटेत मी वाक्य पाठ केलं होतं, "मॅडम, एक विनंती होती." प्रत्यक्षात मी म्हणाले, "मॅडम, लक्ष्मी जाते." त्या आधी हसल्या. मग मी सगळं सांगितलं तशा हसायच्या थांबल्या. "म्हणजे काल हळू फुंकलेल्या सगळ्याच जणी... अगं, बोलाव त्यांना परत!"

मी चिखलातून घरोघर पळाले. शेजारीण विचारायला लागली, माका कित्या नाय बोलवणत? कारण सांगितल्यावर तिने काकीचा हात धरला. "केकावरची गोष्ट येगळी गो. इगर्जेतली, देवाम्होरची मेणबत्ती मियां पण तोंडान इझवूचंय नाय. थंय वातीर टोपी घालून इझवतत." कालपासूनचा अबोला तिथे संपला.

तरुणाने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. काकी नळी हातात घेऊन बसली. "आता फुंकू कशार? म्होरे कायच नाय."

 मी त्या नळीकडे पाहिलं. "काकी, ही फुंकणी. लाकडा वल्ली आसत. चूल पेटणा नाय. आणि दारात पावणे इलेत."

"खंयचे पावणे?"

"तुज्या म्हायारचे."

काकीने ओठ मिटले आणि अशी फुंकली की तरुणाची खुर्ची मागे सरकली. "अजून, काकी, अजून! धूर येता, पेटता आता, सोडू नको!" मी ओरडत होते, मागे बायका ओरडत होत्या. तिचे डोळे पाण्याने भरले, मग खोकल्याची उबळ आली. मॅडम मात्र पडद्याकडे बघत म्हणाल्या, "हेच हवं होतं."

त्यांनी तिला औषधाचे फवारे दिले, थोडा वेळ बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. म्हायारचे पाहुणे दुसऱ्यांदा आले. या वेळी चूल आधीपेक्षा झटकन पेटली. मॅडमनी समजावलं, श्वासाच्या नळ्या आवळल्यात, पण औषधाने मोकळ्या होतात. बाकीच्या लक्षणांवरूनही हा दमाच वाटतो. रोज औषध ओढायचं, धुरापासून लांब राहायचं आणि तपासणीला यायचं.

"मगे चवथ?" काकीने विचारलं.

मॅडमना कळलं नाही. मी फुगडीचं सांगितलं. "औषध चुकवलं नाही तर खेळा की," त्या म्हणाल्या. "पण दम लागला की थांबायचं."

चूल आंघोळीच्या पाण्यापुरती राहिली आणि ते काम काकांकडे गेलं. औषधाशी जमवून घ्यायला मात्र काकीला वेळ लागला. "काल फुंक म्हणालंस, आज वढ म्हणतंस. एक काय ता ठरव!"

चवथीला ती खळ्यात उतरली, तेव्हा सगळ्यांत जास्त मी घाबरले होते. मीच तिचे हात धरले. दम लागला तर निदान हात माझे असावेत म्हणून. दोन गिरक्या झाल्या, चार झाल्या. मी तिच्या छातीतली शिटी ऐकायला कान लावून होते, पण ऐकू येत होती ती माझीच धाप. शेवटी मीच हात सोडून पायरीवर बसले.

काकी थांबली. पदराने तोंड पुसलं, जरा वेळ श्वास घेतला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काय गो कॉलेजवाले, मशीनवरच्यो मेणबत्त्यो हाडू काय तुका फुंकूक?"