बाबांच्या खोलीतली रेंज

बाबा मंगळवारी सकाळी गेले.

पुढे जे सांगते आहे, तसल्या अनुभवांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी पुस्तकांची मुद्रितं तपासते; छापलेल्या शब्दावरही लगेच विश्वास ठेवायचा नाही, ही कामाचीच सवय. तरी हे लिहिते आहे, कारण घरात सांगायचं धैर्य होत नाही.

खांदेश्वरला दोन फ्लॅट जोडून केलेलं आमचं घर. राऊटर हॉलमध्ये, पॅसेज ओलांडला की बाबांची खोली. रोज सकाळी अकराला ते चिपळूणच्या काकाला व्हिडिओ कॉल लावायचे आणि दोघे मिळून पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे. बाबांना कमी ऐकू यायचं. "आडवा सात सांग की रे, गाढवा!" हे माझ्या ऑनलाइन मीटिंगमध्येही पोचायचं. एकदा सगळे हसले.

त्या दिवसापासून मी राऊटरच्या ॲपमधून बाबांचा फोन ब्लॉक करू लागले. अकरा ते एक, रोज; काका तेवढ्याच वेळात मोकळा असायचा. हळू बोला म्हणायला मला संकोच वाटला... खोटं बोलायला वाटला नाही.

"बाबा, त्या खोलीत रेंज पोचत नाही."

"काल तर येत होती."

"भिंती जाड आहेत."

"एका रात्रीत जाड झाल्या होय गं?" ते हसले. पण विश्वास ठेवला. मोबाइलचा डेटा ते घेत नसत, आणि मी तिथे काम करते म्हणून हॉलमध्येही येत नसत. फोन खिडकीबाहेर धरून उभे राहायचे. "वाढवता येते का बघ ना," म्हणायचे. मी म्हणायचे, बघते. असे आठ महिने.

तेरावं झाल्यावर आई त्या खोलीत राहायला गेली आणि तिचा फोन तिथे चालेना. माझाही. लॅपटॉपही नाही. पूर्वी त्याच पलंगावर बसून मी तासन्‌तास ऑनलाइन वाचलेलं आहे. ब्लॉक तर मी केव्हाच काढला होता — तोही फक्त बाबांच्या फोनवर होता.

वाय-फायवाला आला. त्याने उंबऱ्याशी रेंज वाढवणारा नवा बॉक्स ठेवला — हिरवा दिवा. दोन पावलं आत — लाल. मग वायर ओढून बॉक्स थेट खोलीत लावला. वायरवर लॅपटॉप चालला, वायर काढली की बंद.

"मॅडम, बॉक्सला चिकटून बसलोय मी. इथं तर फुल यायला पायजे," तो म्हणाला. "असं आपण कधी बघितलं नाय."

आई दारात उभी होती. "म्हणजे तू खरंच सांगत होतीस," ती म्हणाली. "आणि मी ह्यांना म्हणायचे, पोरगी टाळतेय. ते माझ्यावरच चिडायचे. म्हणायचे, ती कशाला खोटं बोलेल?" तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी वाय-फायवाल्याला पाणी हवंय का विचारलं.

नंतर राऊटर बदलला, कंपनी बदलली. शेजाऱ्यांच्या वाय-फायची नावं पॅसेजमध्ये दिसतात, खोलीत एकही नाही. कारण कुणालाच सापडलेलं नाही, मलाही नाही.

भेटायला येणाऱ्यांना आई सांगते, "ह्या खोलीत पहिल्यापासून रेंज नाही. हिने किती वेळा सांगितलं होतं ह्यांना!" मी समोर बसलेली असते, आणि पाणी हवंय का विचारते.