भुंडी आकृती

सात रस्त्याजवळच्या भाजीवाल्याकडून माझ्या फ्लॅटवर यायची वाट माझ्याकडे राहायला आलेली आई विसरली, त्या दिवसापासून मी धास्तावले होते. पुढे एकदा गॅस चालूच राहिला. मग मात्र मी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. नुसतं दाखवून येऊ, असं तिला सांगितलं. खोटंच सांगितलं.

डॉक्टरांनी वार विचारला. तो चुकला. मग कागदावर एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन दाखवून ते म्हणाले, असेच बघून काढा.

आईने आधी ठिपके मांडले. मोजून, ओळीत. ते जोडून पंचकोन काढले आणि मग ती थांबेचना. आत वेल, कोपऱ्यांत कुयऱ्या, मधोमध कमळ. डॉक्टर काहीतरी लिहू लागले. आई हातातून चालली, असंच वाटलं.

खरं तर मला कळायला हवं होतं. सांगोल्याच्या आमच्या घरात मोकळी जागा म्हणजे अर्धवट टाकलेलं काम. टीव्हीवरसुद्धा रुमाल, रुमालाला मोत्यांची झालर. माझ्या फ्लॅटच्या कोऱ्या भिंती मला निवांत वाटतात, तिला बंद घराच्या वाटतात. त्यावरून मी तिला किती टाकून बोलले असेन! आताही मी डॉक्टरांच्याच नजरेने तिच्याकडे बघत होते. स्वतःचा राग आला, पण भीती काही हटेना.

एवढं सगळं का काढलं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"भुंडं दिसत व्हतं की," आई म्हणाली.

डॉक्टरांचं मराठी बेताचंच. बांगड्या नसलेल्या हाताला आमच्याकडे भुंडा हात म्हणतात, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी नवा कागद दिला आणि आत काही न भरता काढायला सांगितलं.

तिने काढलं. दोन पंचकोन, नीट अडकलेले, बाकी कागद कोरा. आकृती बरोबर आहे, डॉक्टर म्हणाले, पण वार चुकला, वाट चुकली, तेव्हा आणखी तपासण्या कराव्या लागतील. मी मान हलवली.

आई कागदाकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, कोऱ्या कागदाचं वाईट वाटतंय. ती माझ्या कानाशी वाकली.

"तुला आवडतं तसं काढलं बग. आता मला घरी न्हेशील न्हवं?"